सोवळ्याचा चिमटा

राधाकृष्णरावांनी कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर दातांचा दवाखाना थाटला तेव्हा अंबुजाबाई चाळिशीला टेकली होती, आणि गावातल्या कुणाविषयी बरं बोलणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. साल एकोणीसशे एकतीस. कलकत्त्याहून दीड वर्षाचा कोर्स करून आलेला, टाय बांधणारा, आपल्याच तंजावरी मराठी माणसांतला डॉक्टर म्हणून रावांच्या, म्हणजे मराठी ब्राह्मणांच्या, गल्लीत त्याचं कोण कौतुक! अंबुजाबाईनं एवढंच विचारलं, "हात धुतो का?"

हे विचारायला तिच्यापाशी कारण होतं. तिचं माहेर तिरुवलंचुळीचं, सासर इथलं. सासऱ्यांच्या आजोबांनी म्हणे तंजावरच्या महाराजांपुढे विड्याचं तबक धरलं होतं. राज्य इंग्रजांनी गिळलं, तनखे आटले, तबक कधीच मोडीत गेलं. पण ते धरल्याची ऐट तीन पिढ्या पुरली. घरात सोवळं तर असं की पाण्याचा तांब्या कुणी ओठाला लावला तर चिंच लावून तो तीनदा घासायचा. बाविसाव्या वर्षी ती बाळंत झाली ती याच घरात. बाळंतपण करायला आल्या नात्यातल्या आत्याबाई. दुसऱ्या एका घरी तापानं फणफणलेल्या बाळंतिणीचं आवरून, कावेरीत बुडी मारून, ओलेत्यानं, वाटेत कुणाला न शिवता आल्या. नखांखाली काय राहिलं होतं ते कावेरीनं पाहिलं नाही. मूल तिसऱ्या दिवशी गेलं. अंबुजाबाई तापात तंजावरच्या बायकांच्या इस्पितळात पोचली ती अर्धी मेलेलीच. तिथल्या मलयाळी सिस्टरनं पहिला प्रश्न केला, "ज्या बाईनं केलं तिनं साबणानं हात धुतले होते का?" सासूबाईंनी ताठ मानेनं सांगितलं, "ती सोवळ्यात होती." सिस्टर नुसती बघत राहिली.

ते बघणं अंबुजाबाई विसरली नाही. पुन्हा मूल होणार नाही असं कळल्यावर ती त्याच इस्पितळात आया म्हणून राहिली, आणि राहिली ती चांगली पंधरा वर्षं. ऑपरेशनच्या खोलीतली हत्यारं उकळायचं काम तिच्याकडे होतं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यापासून घड्याळात वीस मिनिटं, एकोणीस नाहीत. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, म्हणजे लोखंड गंजत नाही. बाहेर काढायचं ते उकळलेल्या चिमट्यानंच. सिस्टर मारकुटी नव्हती, पण एकदा अंबुजाबाईनं सतराव्या मिनिटाला झाकण उघडलं तर तिनं सगळी हत्यारं जमिनीवर ओतली आणि म्हणाली, "आता पुन्हा."

सासू गेल्यावर नवऱ्याचे हाल होतील म्हणून ती कुंभकोणमला परतली. नवरा सेतुराव हा साधा माणूस. विठ्ठलाच्या मठात झांजा वाजवायच्या आणि घरी येऊन ताक पिऊन निजायचं, एवढंच त्याला येत होतं. आणि राधाकृष्णरावांना हवी होती एक बाई. परक्या पुरुषापुढे एकटीनं तोंड उघडायला गावातल्या बायका तयार नव्हत्या. खोलीत कुणी बाईमाणूस डोकं धरायला असेल तरच येत. अंबुजाबाई कामावर रुजू झाली.

पहिल्याच दिवशी तिनं खोली नजरेखालून घातली. मद्रासेहून आणलेली लोखंडी खुर्ची, पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र, भिंतीवर सोनेरी चौकटीतला दाखला. दारातून येणाऱ्याला दिसेल अशी टेबलावर हत्यारं उकळायची निकलची पेटी, आरशासारखी लखलखीत. तिच्यावर चंदन, कुंकू, आणि दसऱ्याच्या आयुधपूजेपासूनचा वाळलेला शेवंतीचा हार. अंबुजाबाईनं झाकण उचललं. आत डॉक्टरांचा पानाचा डबा होता.

"मग उकळता कशात?" तिनं विचारलं.

राधाकृष्णरावांनी खिडकीतल्या टवके उडालेल्या वाडग्याकडे बोट दाखवलं. त्यात गुलाबी पाणी होतं आणि तळाशी चिमटे पडले होते. "लाल औषध आहे. त्यात बुडवलं की जंतू मरतात."

"किती वेळात?"

"लगेच."

"म्हणजे तुमचं नाव ऐकूनच मरत असतील," अंबुजाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. मराठीत बोललेलं बाहेरच्या तमिळ रोग्यांना कळत नसे, म्हणून घरच्या भाषेतला अपमान त्यांना चालत असे. पण उकळायचं म्हटलं की त्यांची कारणं संपत नसत. पोलाद गंजतं. सोडा घाला म्हटलं, तर धार जाते. धार चिमट्याला नसते म्हटलं, तर वेळ जातो. बाहेर माणसं ताटकळतात. लोखंड खळखळताना पाहिलं तर बायकांना घेरी येते. शेवटी म्हणाले, "अहो अंबुजाबाई, मी शिकून आलोय. तुम्ही इस्पितळात फरशा पुसल्यात."

"हो, पुसल्यात. म्हणून घाण ओळखते."

त्यानंतर ती रोज बघत राहिली, आणि बघता बघता तिची जीभ आणखी कडू झाली. डॉक्टरांच्या उजव्या हाताच्या बोटात नवरत्नांची अंगठी होती. ज्योतिष्यानं ती काढायची नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ती बोटासकट प्रत्येकाच्या तोंडात जाऊन येई. इंजेक्शनची सुई एकच. पुसायचा टॉवेल सोमवारी पांढरा असे आणि शनिवारी काय असे ते सांगण्यासारखं नाही. पण तिला खरा राग होता तो गावाचा. चूळ भरायला खुर्चीशेजारी काचेचा एक पेला ठेवलेला असे. जी माणसं घरी तांब्या वीतभर वर धरून घशात धार सोडत, सख्ख्या भावाच्या ओठाचा पेला विटाळला म्हणून फेकून देत, तीच माणसं या खुर्चीत बसली की दहाजणांच्या ओठांचा पेला मुकाट तोंडाला लावत. का? तर तो काचेचा होता आणि डॉक्टर इंग्रजी शिकलेला होता.

"यांचं सोवळं टायला घाबरतं," ती सेतुरावांना म्हणायची. सेतुराव ताकाचा घोट घेत म्हणायचे, "तू कशाला डोक्याला लावून घेतेस?"

पुढच्या साली आषाढात व्हायचं ते झालं. त्या सकाळी खुर्चीत पहिला बसला तो चोळपुरम्‌चा रंगा. ब्राह्मणेतर, पानमळ्यांचा मालक, पन्नाशीतला गडी. चाळीस वर्षं पान-तंबाखू चघळून त्याच्या हिरड्या कुजल्या होत्या. तोंड उघडलं की खोलीतल्या माशा दाराकडे वळत. त्याचे दोन दात नुसते हातानं ओढले तरी आले असते, पण चिमटा लागला. चिमटा वाडग्यात गेला, गुलाबी पाणी तपकिरी झालं. मागोमाग आली कामाक्षी. भांड्यांचे मोठे व्यापारी व्यंकोबा यांची धाकटी सून. एकोणीस वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. सोबत सासू जयलक्ष्मीबाई. डॉक्टरांनी वाडग्यातून तोच चिमटा उचलला.

"थांबा," अंबुजाबाई म्हणाली. "तो आत्ता रंगाच्या तोंडातून आलाय. वीस मिनिटं द्या मला."

राधाकृष्णरावांनी तिला रोग्यांदेखत तमिळमध्ये झापलं, की नोकरानं नोकरासारखं राहावं. जयलक्ष्मीबाईंनाही घाई होती. राहुकाळ लागायच्या आत घरी पोचायचं होतं. अंबुजाबाईच्या हातात त्या पोरीचं डोकं होतं. ते तिनं सोडायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला याच गोष्टीसाठी शिव्या देत असे. इतरांना देई त्याहून जहाल. पण त्या वेळी ती डोकं धरून उभी राहिली आणि दाढ निघाली.

चौथ्या दिवशी बातमी आली की कामाक्षीचा गाल मोसंब्याएवढा सुजलाय, तोंड उघडत नाही, ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, तिनं गरम कॉफी प्यायली असेल. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दृष्ट. अंबुजाबाई पायात वहाणा सरकवून व्यंकोबांच्या घरी गेली.

घरापुढच्या ओट्यावरच, तिथल्या बोलीत ज्याला तिण्णै म्हणतात तिथं, जयलक्ष्मीबाईंनी तिला अडवलं. "तिथेच राहा गे. दिवसभर लोकांची थुंकी निपटतेस, आणि तशीच आत येतेस?"

"नाही येत. मी इथूनच सांगते. पोरीला आजच्या गाडीनं तंजावरला न्या. जबड्यात पू झालाय. कापून काढला नाही तर गळ्यात उतरेल."

"वैद्यांनी लेप दिलाय."

"लेप बाहेर लावलाय. घाण आतून गेलीय. त्या चिमट्यावर जंतू होते."

जंतू हा शब्द त्या घरात कुणाच्या कानाआड गेला, कुणाच्या डोक्यावरून. दारात येऊन उभे राहिलेले व्यंकोबा म्हणाले, "बाई, तू आपलं काम बघ." अंबुजाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. अंगावर रेशमी धोतर, कपाळावर गोपीचंदन. आणि मग तिला कळलं की या माणसाशी कुठल्या भाषेत बोलायला हवं.

"बरं, जंतू राहू देत," ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुमच्या सुनेच्या तोंडात पानमळेवाल्या रंगाचं उष्टं गेलंय. त्याच्या दातांचं रक्त लागलेला चिमटा, तसाच, न घासता. मी डोळ्यांनी पाहिलंय. कुठल्या देवापुढे सांगू ते सांगा."

घरात वीज पडावी तसं झालं. तीन दिवस पोर तापानं कण्हत होती तेव्हा जे घर हललं नव्हतं ते उष्टं म्हटल्याबरोबर मुळापासून हललं. जयलक्ष्मीबाईंनी कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या सुनेनं कामाक्षीनं शिवलेली भांडी अंगणात काढायला घेतली. व्यंकोबा म्हणाले, पुरोहिताला बोलवा, पंचगव्य द्या, प्रायश्चित्त करा. एकाला तरी वाटावं की आधी पोरीला वाचवू! खरोखरच कुणीतरी वाटीत गोमूत्र घेऊन आत निघालंसुद्धा.

अंबुजाबाईनं तिण्णै ओलांडली. पायातल्या वहाणांसकट. ती वाटी तिनं हातातून काढून मोरीत ओतली. "उघड्या जखमेत हे ओताल तर प्रायश्चित्ताला पोर उरणार नाही," ती म्हणाली. "आणि ऐका. तंजावरला तिचा जबडा धुवून काढतील, आतून. रंगाचं जे काही आहे ते तिथेच निघेल, इथे नाही." शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम घातलं होतं. व्यंकोबांनी गाडी जुंपायला सांगितली ती त्याच वाक्यावर.

कामाक्षी वाचली. दोन आठवडे इस्पितळात होती. गालाखाली चीर द्यावी लागली, तिची खूण राहिली आणि हसताना एक बाजू जराशी ओढली जाऊ लागली. परत आल्यावर जयलक्ष्मीबाई अंबुजाबाईकडे एक साडी घेऊन आल्या. हाताला हात लागू नये म्हणून त्यांनी ती वरून तिच्या ओंजळीत टाकली.

"उकळून नेसते हं," अंबुजाबाई म्हणाली. त्यांना कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या कामाक्षीला मात्र कळलं, आणि ती त्या वाकड्या झालेल्या ओठांनी हसली.

आता दवाखान्यात चिटपाखरू फिरकेना. राधाकृष्णराव आधी संतापले, मग आजारी पडल्याचं सोंग केलं, आणि मग एका दुपारी मागच्या खोलीत येऊन घरच्या भाषेत विनवू लागले. अंबुजाबाई म्हणाली, "पेटीतला पानाचा डबा काढा. अंगठी काढा. चूळ भरायला पेला नको. मी वरून पाणी सोडीन, ओंजळीत घेऊ देत. आणि प्रत्येक चिमटा, प्रत्येक सुई, वीस मिनिटं. गुलाबी पाणी झाडाला घाला."

डॉक्टर विचारात पडले. दोन दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. आणि अंबुजाबाईच्या अनुभवानं त्यांचा चेहरा उजळणं हे कधीच चांगलं लक्षण नव्हतं. त्यांनी मद्रासेहून चिमट्यांचा आणखी एक जोड मागवला, एकाला तांबडा दोरा बांधला, एकाला काळा, आणि दारावर तमिळ व मराठीत पाटी लावली: इथं सोवळ्याचे चिमटे निराळे ठेवले जातात. तांबडा दोरा गल्लीतल्या रावांसाठी, अय्यरांसाठी, अय्यंगारांसाठी. काळा बाकीच्या दुनियेसाठी. "बारा वर्षांनी येणाऱ्या महामखाच्या पर्वणीला देशभरातून यात्रेकरू येतील," ते हात चोळत म्हणाले. "सगळ्यांची सोय झाली पाहिजे."

"आणि उकळणं?"

"आता कशाला? वेगळे केलेत ना!"

अंबुजाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे आता एका ब्राह्मणाचा पू दुसऱ्या ब्राह्मणालाच मिळणार, बाहेर कुठे जाणार नाही, एवढीच काय ती सुधारणा. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि घरी जावं. पण घरी जाऊन काय होणार होतं? चिमटे तर इथेच राहणार होते. तिनं कपाटाची किल्ली मागून घेतली. चंदन, कुंकू आणि हार खरवडून ती निकलची पेटी मागच्या खोलीत नेली, प्रायमस पेटवला, सोडा घातला, आणि तांबड्या दोऱ्याचे व काळ्या दोऱ्याचे, झाडून सगळे चिमटे एकाच पाण्यात सोडले. दोऱ्यांचे रंग उकळीत उतरले. पाणी जांभळट झालं. तिनं नवे दोरे कापून ठेवले आणि काढताना हाताला येईल तसे बांधत गेली. कुणाला कुठला, ते तिलाही माहीत नसे.

मधल्या वेळेत तिला हवी होती वीस मिनिटं. ती तिनं स्वतः मिळवली. रोग्याला बसवून ती त्याची कुळकथा विचारी, कुठल्या दाढेनं कधीपासून छळलं ते सविस्तर सांगायला लावी. आपल्या दुखण्याविषयी बोलायला मिळालं की वीस मिनिटं कुणालाच पुरत नाहीत, हे तिनं इस्पितळात पाहिलं होतं.

महामख आलं, गेलं. शेजारच्या साक्कोट्टैपासून काशीपर्यंतच्या जबड्यांतून दात निघाले, आणि एकही गाल सुजून परत आला नाही. राधाकृष्णरावांनी त्याचं सारं श्रेय दोऱ्यांना दिलं. लोकांनीही दिलं. मठात भजनानंतर एका सभ्य गृहस्थांनी सेतुरावांना ऐकवलं, की शेवटी आपल्या पूर्वजांचं शास्त्रच खरं ठरलं बघा. सेतुरावांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. अंबुजाबाई त्या रात्री जेवली नाही. हसून हसून तिच्या पोटात दुखलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात व्यंकोबांची दाढ उठली. दोन दिवस लवंग दाबून काढले, तिसऱ्या दिवशी सकाळी गालाला पंचा बांधून आले. डॉक्टर अजून यायचे होते. दुखण्यानं बेजार झालेला माणूस, एका जागी बसवेना म्हणून येरझारा घालता घालता थेट मागच्या खोलीत शिरला. अंबुजाबाईनं नेमकं झाकण उघडलं होतं. आत वाफेत तांबडे आणि काळे दोरे एकमेकांत गुंतून गटांगळ्या खात होते.

"हे काय?" व्यंकोबा किंचाळले. "दोन्ही एकत्र?"

"रोजच."

"मी आत्ता गावभर करीन! माझ्या तोंडात हा—" पुढचं वाक्य कळेत बुडालं. ते भिंतीला टेकले.

अंबुजाबाईनं पदरानं घाम टिपला. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "जरूर करा. पण आधी दाढेचं बघू. तुमच्यासाठी दोन चिमटे आहेत. एक या पेटीतला. तो सगळ्या जातींच्या चिमट्यांबरोबर उकळलाय. आणि एक कपाटात आहे, तांबड्या दोऱ्याचा. काल संध्याकाळी मठाचे पुजारीबुवा येऊन गेले, त्यांच्या दातात पू होता. तो अजून मी उकळलेला नाही. कुणाला शिवलेला नाही, शंभर टक्के सोवळ्यातला. सांगा, कुठला आणू?"

व्यंकोबांनी गालावरचा पंचा आवळला. एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. गालाला बांधलेल्या पंच्यातून लाळ गळत होती. बाहेर रस्त्यावर भांड्यांनी भरलेली त्यांचीच गाडी खणखणत गेली.

"उकळलेला," ते म्हणाले. इतक्या हळू, की तिनं मुद्दाम पुन्हा विचारलं.

"उकळलेला दे गे," ते म्हणाले. "पण घरी सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. पण त्यांनीच कुठेतरी सांगितलं असावं, कारण महिन्याभरात एक अय्यंगार आडून आडून म्हणाले, "तो... गरम पाण्यातला मिळेल का?" मग एक वकील. मग खुद्द पुजारीबुवा. एकेकटे येत, मागच्या दारानं येत, आणि जाताना पुढच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं करीत. त्यांतला एकही दुसऱ्याला बोलला नाही. बाहेर सोवळ्याचा चिमटा तोंडभर वाखाणायचा आणि आत ओवळ्याचा तोंडात घ्यायचा, असं गाव पुढे वर्षानुवर्षं चाललं. अंबुजाबाईला त्यांचे जबडे बरे राहिल्याचं समाधान होतं, त्यांच्याविषयी आदर मात्र तोळाभरही वाढला नाही. उलट पूर्वी ती त्यांना मूर्ख समजायची. आता भित्रे समजू लागली.

ती अकरा वर्षं तिथं राहिली. सोड्याच्या पाण्यानं तिच्या बोटांची सालं निघत; संध्याकाळी सेतुराव त्यांना खोबरेल चोळून देत. मठातल्या झांजांपेक्षा हे काम त्यांना जास्त जमतं, असं ती एकदा म्हणाली. तिच्या तोंडून कुणाविषयी निघालेलं ते सर्वांत गोड वाक्य असावं.

मग तिची स्वतःची दाढ किडली. राधाकृष्णराव आता पोक्त झाले होते, मोटार घेतली होती, कुठल्याशा सभेत "निर्जंतुक पद्धती"वर भाषणही ठोकून आले होते. अंबुजाबाई खुर्चीत बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. डॉक्टरांनी मुकाट्यानं स्वतः स्टोव्ह पेटवला. पाण्याला उकळी फुटेपर्यंत ती पेटीकडे बघत होती, फुटल्यावर घड्याळाकडे. वीस मिनिटं भरत आली. काटा पुढे सरकला. डॉक्टरांनी झाकण उघडून चिमटा काढला. तो चटका देत होता. त्यांनी तो तोंडाजवळ धरला आणि थंड व्हावा म्हणून त्यावर दोनदा फुंकर मारली.

अंबुजाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

राधाकृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं. मग निमूटपणे तो परत पेटीत टाकला आणि झाकण लावलं.